अर्धपुतळ्याच्या वर्गणीबद्दल : सरांच्या स्मृती समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि समितीतले सगळे जण,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमचं पत्रक मिळालं. सरांच्या पहिल्या स्मृतिदिनी आपल्या सर्जरी विभागाच्या दारात ब्राँझचा अर्धपुतळा, पदव्युत्तर परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक आणि एक स्मरणिका. स्मरणिकेसाठी 'सरांची एखादी हृद्य आठवण, शब्दमर्यादा ३००' अशी मागणी माझ्याकडेही आली आहे. वर्गणीचा आकडा, बँकेचा तपशील, शेवटची तारीख, सगळं जागच्या जागी आहे. पत्रकाचा नेटकेपणा सरांना आवडला असता. मजकूर नसता आवडला.

वर्गणी मी अजून पाठवलेली नाही, आणि ३०० शब्दांत माझं भागणार नाही. हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवता आलं असतं. पण तुमच्यातले निम्मे मला 'मॅडम' म्हणतात, आदराने ऐकून घेतात आणि काहीच करत नाहीत. उरलेले माझे बॅचमेट आहेत, ते ऐकूनही घेत नाहीत. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

आधी सरांबद्दल, कारण पत्रकातले सर मला ओळखू आले नाहीत. 'मुंबईचं वैभव सोडून, सेवेचा वसा घेऊन नाशिकच्या मातीत परतलेले धन्वंतरी' असं तुम्ही लिहिलंय. सर मुंबईहून आले एवढं खरं. का आले ते त्यांनी एकदा राउंड संपल्यावर जिन्यात सांगितलं होतं : आईला मुंबईचं पाणी मानवेना आणि तिला पंचवटीतला वाडा सोडवेना. दोन्हीचा हिशेब करून नाशिक निघालं. ह्याला त्यांनी कधी त्याग म्हटलं नाही. उलट 'इथे हर्निया मोठे येतात, शिकायला बरं' असं ते निर्विकार चेहऱ्याने सांगायचे.

हर्निया मोठे का येतात हे कळायला मला वर्ष गेलं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडचा माणूस ते गाठोडं मांडीत सांभाळत दहा-दहा वर्षं शेतात उभा असतो. आवणी झाली की येऊ, कापणी झाली की येऊ, पोरीचं लग्न झालं की येऊ. आतडं अडकतं तेव्हा येतो. सरांचं ते वाक्य विनोद नव्हता, हे तेव्हा उमगलं.

मी रेसिडेंट म्हणून रुजू झाले ते १९९२ साल. पहिल्या दिवशी सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मुलींनी गायनॅक घ्यावं. घरादाराला सोयीचं पडतं." पहिले सहा महिने मी रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी ठेवायचा आकडा, धरला. माझ्याबरोबरच्या दोन मुलांच्या हातात तोवर चाकू आला होता. सातव्या महिन्यात मी ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) बाहेर, हात न धुता, मास्क न लावता, त्यांना विचारलं की माझी चूक काय ते सांगा. सर बराच वेळ नळाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीच्या यादीत माझ्या नावापुढे तीन हायड्रोसील (अंडकोशात पाणी साठलेले पेशंट) होते. "पुरुष पेशंट आहेत, चालेल ना?" इतकंच विचारलं. माफी अशी त्यांनी कधी मागितली नाही. हे स्मरणिकेत छापणार असाल तर शब्दमर्यादेत बसेल.

रागीटही होते. एकदा नीडल होल्डर (टाक्याची सुई धरायचा चिमटा) भिरकावला, तो भिंतीवर आपटला. त्या दिवशी सिस्टरांनी त्यांना दुसरा लगेच दिलाच नाही. "तो उचलून धुऊन आणते, वीस मिनिटं लागतील, तोवर थांबा," म्हणाल्या. पोट उघडं, भूल चालू, आणि ट्रॉलीवर दुसरे दोन होल्डर समोर दिसत असताना. भूलतज्ज्ञ हसू दाबत होते. सरांनी मान खाली घालून दोन मिनिटं काढली, मग म्हणाले, "सिस्टर, चुकलो." तेव्हा दुसरा मिळाला. त्यानंतर त्यांनी हत्यार फेकल्याचं मी पाहिलं नाही.

शिकवणं मात्र असं, की मी आजही दिवसातून दहा वेळा त्याच्यावर जगते.

पोट कसं तपासायचं हे त्यांनी आम्हाला गंगेवर शिकवलं. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.) पहिल्याच पावसाळ्यात एका दुपारी त्यांनी आम्हा तिघांना गाडीत कोंबलं आणि काठावर नेऊन उभं केलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, दुतोंड्या मारुतीच्या (पात्रातली उंच मूर्ती, पूर किती ते नाशिककर तिच्यावरून मोजतात) कमरेला लागलेलं, सगळं गाव बघायला लोटलेलं. सरांनी विचारलं, "पाणी किती?" आम्ही म्हणालो, कमरेइतकं. "चढतंय का उतरतंय?" आम्ही गप्प. "कसं कळेल?" आमच्यातला एक चाचरत म्हणाला, थांबून बघावं लागेल. "चला," म्हणाले आणि गाडीत बसले. एवढ्या एका वाक्यासाठी पेट्रोल जाळलं होतं त्यांनी. वॉर्डात आल्यावर बारा नंबरच्या खाटेशी नेलं आणि सांगितलं, "दर दोन तासांनी हात ठेवायचा. तोच हात, त्याच जागी. आणि नाडी लिहायची. एका राउंडात पूर कळत नाही." त्या दिवसापासून आमच्या वॉर्डाची भाषाच बदलली. रात्री दोनला रेसिडेंट रूमचा फोन वाजायचा आणि सिस्टर म्हणायच्या, "मॅडम, बारा नंबरचा मारुती छातीला आलाय, या लवकर."

आता हातांबद्दल. सर्जनची बोटं लांबसडक असतात असं लोकांना वाटतं, आणि तुमचा शिल्पकारही बहुधा तशीच करेल. (अर्धपुतळ्याला हात नसतात हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. म्हणजे सरांचं जे बघायला हवं तेच त्यात नसणार.) सरांची बोटं भुईमुगाच्या शेंगांसारखी होती, आखूड आणि मधे फुगीर. ह्या बोटांनी ते एका हाताची गाठ अशी मारायचे की धागा दिसायचाच नाही, नुसती गाठ बसलेली दिसायची. आम्ही काळ्या रेशमी धाग्याने खाटेच्या दांड्यांना, मेसच्या खुर्च्यांना, माझ्या लुनाच्या हँडलला गाठी मारत हिंडायचो. रात्रीच्या राउंडला सर त्या गाठी तपासायचे. अंगठ्याचं नख गाठीच्या बुडाशी लावून हलकेच पुढे ढकलायचे. दोन्ही फेऱ्या एकाच दिशेने पडल्या असतील तर गाठ सरकते. सरकली की काही न बोलता ती खुर्ची उचलून माझ्या खोलीच्या दाराशी ठेवून जायचे. एका सकाळी माझ्या दारात पाच खुर्च्या होत्या आणि मेसमध्ये लोक उभ्याने पोहे खात होते.

सुश्रुताने शिष्यांना आधी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी ह्यांच्यावर कापायला, कापडावर आणि मऊ कातड्यावर शिवायला लावावं असं सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितलंय. सरांना तो अध्याय पाठ होता, पण त्याचा अभिमान वगैरे त्यांनी कधी मिरवला नाही. थेट पंचवटीच्या बाजार समितीतून भोपळे आणायला पाठवलं. भोपळ्याच्या सालीवर चाकूने रेघ मारायची, आतल्या पांढऱ्याला धक्का न लावता. साल कापली तर कौतुक नाही, पांढऱ्यात गेलात तर दुसरा भोपळा. ऑपरेशन झालेले भोपळे मेसमध्ये शिजायचे. त्या वर्षी आम्ही इतकी भोपळ्याची भाजी खाल्ली की आजही माझ्या घरात ती होत नाही.

मग दुर्बीण आली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतातलं ते पहिलं. सर आधी हसले होते. 'भोकातून घर झाडायचं' असं म्हणाले. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस, विभागप्रमुख, पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन मुंबईच्या ओटीत कोपऱ्यात नुसता बघायला उभा राहायचा आणि रात्री परतायचा. असं किती वेळा केलं त्याची मोजणी नाही. परत आल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून आत बल्ब लावला, वरून आरसा बसवला, आणि फेब्रुवारीत निफाडकडच्या एका पेशंटने द्राक्षांची पेटी आणून दिली तेव्हा ती आम्हाला खायला न देता त्या खोक्यात ठेवली. लांब दांड्याच्या चिमट्याने द्राक्षाची साल काढायची, गर न फोडता. करून बघा. पित्ताशय यकृतापासून सोडवताना हाताला जे लागतं ते जवळजवळ हेच. थॉमसन जातीच्या द्राक्षाची साल पातळ, सुटता सुटत नाही. म्हणून सर मुद्दाम थॉमसन आणवायचे.

दुर्बिणीतला धोका हा, की पित्ताशयाची छोटी नळी समजून मोठी पित्तनलिका कापली जाऊ शकते. उघड्या शस्त्रक्रियेत हे हजारात एकदोनदा व्हायचं, दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते चारपाचापर्यंत गेलं. १९९५ साली स्ट्रासबर्ग ह्या अमेरिकेतल्या सर्जनने नियम मांडला : पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोन गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, मोकळ्या करून स्वच्छ दिसल्याशिवाय आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटल्याशिवाय काहीही कापायचं नाही. सर त्या क्षणी चिमटा थांबवायचे आणि खोलीतल्या प्रत्येकाला विचारायचे, मावशींनासुद्धा, "किती दिसतात?" मावशी म्हणायच्या, "दोन." "नक्की?" "दोनच, साहेब." मग क्लिप. दोन दिसत नसतील तर पोट उघडायचं. त्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही.

पण हे सगळं लिहूनही मुद्दा बाजूलाच आहे. मुद्दा शनिवारचा आहे.

तुमच्यातल्या ज्यांनी १९९० नंतरची वर्षं पाहिली त्यांना सांगायला नको. धाकट्यांसाठी लिहिते. शनिवारी दुपारी दोनला, ओटीच्या स्टोअरमागच्या खोलीत, दार लावून मीटिंग व्हायची. सर्जन, रेसिडेंट, भूलतज्ज्ञ, ओटी सिस्टर. आठवड्यात जे पेशंट दगावले, ज्यांचे टाके सुटले, ज्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, त्यांच्याबद्दल बोलायचं. लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर असायचं. त्यात पेशंटचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही. तीन रकाने : काय घडलं, काय करायला हवं होतं, सोमवारपासून काय बदलणार. आणि नियम एकच, पहिली केस सरांची. त्यांच्या हातून त्या आठवड्यात काही बिघडलं नसेल तर मागच्या वर्षातली, नाहीतर वीस वर्षांपूर्वीची. रिकामा शनिवार त्यांनी कधी जाऊ दिला नाही.

दर वर्षी नवी बॅच आली की पहिल्या शनिवारी कॉडमनची गोष्ट व्हायची. अर्नेस्ट कॉडमन, बॉस्टनचा सर्जन. त्याचं म्हणणं, प्रत्येक पेशंटचं पुढे वर्षभराने काय झालं ते रुग्णालयाने शोधावं, लिहावं आणि छापावं. कुणाला रुचलं नाही. १९१४ मध्ये त्याने मोठ्या रुग्णालयातली जागा सोडली. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ ह्या काळात ३३७ पेशंट घरी गेले, त्यांच्यात झालेल्या १२३ चुका त्याने स्वतःच्या हाताने छापल्या. मित्र तुटले, प्रॅक्टिस बसली. १९४० साली गेला. सर सांगायचे, त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नाही, आणि आज जगभर प्रत्येक चांगल्या विभागात आठवड्याला ही मीटिंग होते. तो दगड २०१४ मध्ये बसला, अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी बसवला. सर तेव्हा निवृत्त होते. मी बातमी सांगितली तर म्हणाले, "बरं झालं. पण मीटिंग आधी झाली ना, दगड मागनं."

तुमच्या पत्रकाची तारीख आणि विभागातल्या शेवटच्या शनिवारची तारीख एकदा शेजारी ठेवून बघा.

आता ती केस, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. स्मरणिकेला हृद्य आठवण हवी आहे ना.

१९९४ चा पावसाळा. ओपीडी तुडुंब. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा, बरोबर बाप. बेंबीभोवती दुखतंय, एकदा उलटी, ताप नाही. मी तपासला, सरांना दाखवला. सरांनी हात ठेवला. पोट मऊ. 'उद्या सकाळी पुन्हा दाखवणे' असं मी केसपेपरवर लिहिलं, सरांनी सही केली, बापाने मान हलवली. तो नुसता मान हलवत होता हे मला तेव्हा दिसलं नाही. मी पुढचा केसपेपर ओढला होता.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी : ॲपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला बेंबीभोवती असतं, मग काही तासांत उजवीकडे खाली उतरतं. सुरुवातीला पोट मऊ लागू शकतं. आणि ॲपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ दुखणं चक्क कमी होतं. ताण सुटतो म्हणून. घरच्यांना वाटतं उतार पडला.

तसंच झालं. रात्री पोरगं तळमळलं, पहाटे शांत झोपलं. बापाला वाटलं गोळी लागू पडली. पाड्यापासून रस्ता चार-पाच किलोमीटर, ओढा भरलेला, गाडी दिवसातून एक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आणलं तेव्हा पोट फळीसारखं होतं. रात्री उघडलं, पू धुतला, नळ्या टाकल्या. पहाटे साडेपाचला मुलगा गेला. बाप कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या पिशवीत तो केसपेपर होता, प्लॅस्टिकमध्ये नीट घडी घालून, पाऊस लागू नये म्हणून.

शनिवारी सर उभे राहिले. रजिस्टर त्यांनी स्वतः लिहिलं. पहिल्या रकान्यात जे घडलं ते. दुसऱ्या रकान्याशी ते बराच वेळ थांबले. कुणीतरी, आज ते तुमच्या समितीत आहेत, म्हणाले, "सर, आपण उद्या या असं सांगितलं होतं." सर म्हणाले, "आपण आपल्या सोयीची वेळ सांगितली. तो येणार कसा हे विचारलं नाही." तेच लिहिलं : 'तो परत कसा येणार हे विचारायला हवं होतं.' मी रडायला लागले होते. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिसरा रकाना होता ना अजून.

सोमवारी त्यांनी मेनरोडवरून रबरी शिक्का करून आणला. तीन ओळींचा : 'गाव. पायी किती. शेवटची गाडी किती वाजता.' प्रत्येक ओपीडी केसपेपरवर उजव्या कोपऱ्यात मारायचा आणि भरायचा. पोटदुखीचं पोर आहे आणि पुन्हा यायला गाडी नाही, तर घरी सोडायचं नाही. खाट द्यायची, खाट नसेल तर खाली गादी. आम्ही थट्टा केली. शिक्क्याला 'एसटी डेपो' नाव पडलं. पण पुढच्या पावसाळ्यात गादीवर ठेवून घेतलेल्या पोरांपैकी किमान चौघांचा मारुती रात्रीतून छातीला आला. ती चारही पोरं मी स्वतः टेबलावर घेतली, चारही चालत घरी गेली. त्यांची नोंद रजिस्टरात नाही, कारण त्यात फक्त बिघडलेलं लिहायचे.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी आली, १९ मुद्द्यांची. पुढच्याच वर्षी आठ शहरांतल्या रुग्णालयांचे निकाल छापून आले, त्यात दिल्लीचंही एक होतं : यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं. सरांनी यादी भिंतीवर लावली, चष्मा वर करून मोजली आणि म्हणाले, "विसावा मुद्दा राहिला त्यांचा. एसटी."

२००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी तुम्हाला आठवत असेल. २७ ऑगस्ट, बुधवार, ३९ माणसं गेली. मी तेव्हा रेसिडेंट नव्हते, पण मदतीला धावून आले होते. नाशकातल्या डॉक्टरांपैकी त्या दिवशी कुणी घरी बसलं नव्हतं. तीनच दिवसांनी शनिवार होता. आम्हाला वाटलं आज तरी सर सोडतील. सोडलं नाही. त्या दिवशी रजिस्टरात लिहिलं गेलं की आपण पहिल्या सहा जखमींची नावं लिहिली नाहीत, आणि म्हणून राजस्थानातून आलेली एक म्हातारी आपल्या नवऱ्याला चार तास मजल्यामजल्यावर शोधत फिरली, तो तळमजल्यावरच होता. सोमवारी कॅज्युअल्टीच्या दारामागे एक डबा टांगला गेला : दोऱ्या लावलेली पुठ्ठ्याची लेबलं आणि चार मार्कर. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. तो डबा आता कुठे आहे, हे समितीतल्या कुणी सांगेल का?

शनिवार बंद कसा पडला ह्याचा दोष मी कुणा एकावर टाकत नाही. १९९५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं तेव्हापासूनच कुजबुज सुरू झाली होती की लिहून ठेवू नका, कागद उद्या कोर्टात जाईल. सर असेपर्यंत चाललं. ते निवृत्त झाल्यावर आधी 'चुका' जाऊन 'इंटरेस्टिंग केसेस' आल्या. मग दर शनिवारचं महिन्यातून एकदा झालं. मग औषध कंपनीचं जेवण आलं. मग संगणक आला आणि केसपेपरच्या कोपऱ्यात शिक्क्याला जागा उरली नाही. हे होत असताना मीही काही बोलले नाही. माझं स्वतःचं रुग्णालय उभं करण्यात गुंतले होते. भीती खरी आहे, हेही मान्य. नातेवाइकांनी काचा फोडल्यात, माझ्याही फोडल्यात एकदा. पण रजिस्टरात नाव नसायचंच, आणि त्या मुलाच्या बापाला सरांनी शनिवारच्या आधीच, शुक्रवारी, समोर बसवून सगळं सांगितलं होतं. मी पाहिलंय ते. तो माणूस काही बोलला नाही. पुढच्या वर्षी आवणीनंतर तोच बाप पाड्यावरच्या दुसऱ्या एका बाईला घेऊन आला, आमच्याकडेच. ह्याचा अर्थ काय लावायचा मला कळत नाही, मी फक्त सांगते आहे.

तर माझी मागणी.

पुतळा करायचा तर करा, मी अडवणार नाही. पण आधी तीन कामं करा, आणि ती झाली की माझी वर्गणी दुप्पट धरा. पहिलं, ती रजिस्टरं शोधा. माझ्या हिशेबाने किमान अकरा असावीत. शेवटची मी स्टोअरमध्ये, मोडक्या सलाइन स्टँडखाली पाहिली होती. रद्दीत गेली असतील तर तसं स्पष्ट सांगा. दुसरं, शनिवार दुपारी दोन, दार लावून, तीन रकाने. पहिली केस विभागप्रमुखांची. प्रमुखांना जमत नसेल तर समितीच्या अध्यक्षांची. तिसरं, नव्या संगणकी केसपेपरात शिक्क्याच्या त्या तीन ओळींसाठी एक रकाना वाढवून घ्या. ज्या कंपनीने तो बनवला तिला एका दुपारचं काम आहे, मी विचारून ठेवलंय.

सुवर्णपदकाबद्दल एवढंच, की सर स्वतः पदव्युत्तर परीक्षेला पहिल्या खेपेला नापास झाले होते. दर बॅचला सांगायचे. तुमच्या पत्रकात ते आलेलं नाही.

पहिल्या शनिवारी मी येते. केस माझी घ्या, तुमच्यापैकी कुणाला आधी अवघड वाटत असेल तर. मागच्या मार्गशीर्षातली आहे. बावन्न वर्षांची बाई, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून केलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि मी चोवीस तास 'गॅसेस आहेत' म्हणत राहिले. ज्युनियर दोनदा म्हणाली, मॅडम, नाडी चढतेय. मी मारुती बघायला गेलेच नाही. बाई वाचली, दुसऱ्या ऑपरेशननंतर, सव्वा महिन्याने घरी गेली. पहिला रकाना लिहून झालाय, दुसरा लिहिते आहे.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा तो शिक्का त्यांनी मला दिला होता. येताना घेऊन येते. पॅड वाळलं होतं, काल मेनरोडवरून नवं आणलं.

आपली,
सरांची १९९२ च्या बॅचची रेसिडेंट
नाशिक